ऑटोमॅटिक गाडी लिम्प मोडमध्ये गेली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याची सुट्टी लागली की आणि पावसाचा जोर वाढला की आमच्या गॅरेजचा फोन बहुतेक वेळा एकाच कारणाने वाजतो. "गाडी एकाच गिअरमध्ये अडकलीये, साठच्या वर जातच नाही, चेक लाइट लागलाय, काय करू?" मागे मुलांचा आवाज, शेजारून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न, आणि बोलणाऱ्याच्या आवाजात भीती. तेव्हा फोनवर जे सांगतो आणि नंतर गाडी रॅम्पवर चढल्यावर जे समजावतो, ते सगळं इथे लिहून ठेवतोय. मी पुण्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतो, त्यामुळे रस्ते आणि घाट आपल्याकडचेच आहेत.

लिम्प मोड म्हणजे नेमकं काय?

लिम्प म्हणजे लंगडणं. पाय मुरगळला की त्या पायावर भार न देता आपण कसंबसं घर गाठतो, गाडीही तेच करते. गिअर कधी बदलायचा हे ठरवणारा एक वेगळा कॉम्प्युटर असतो, त्याला टीसीएम किंवा टीसीयू म्हणतात. एखाद्या सेन्सरची माहिती त्याला पटेनाशी झाली, सोलेनॉइडचं (विजेवर चालणाऱ्या ऑइलच्या व्हॉल्व्हचं) सर्किट तुटलं किंवा आतला क्लच घसरतोय असं दिसलं, की तो गिअर बदलणं थांबवतो, एकच गिअर धरून ठेवतो आणि बऱ्याच गाड्यांत इंजिनची ताकदही कमी करायला लावतो. क्लचप्लेट जळू नयेत आणि तुम्ही आडरानात अडकू नये, यासाठी ही सोय आहे.

लिम्प मोड लागला म्हणजे गिअरबॉक्स गेला, असं कोणी म्हणालं तर लगेच मान्य करू नका. कुठेतरी बिघाड आहे एवढंच त्या क्षणी ठरलेलं असतं. तो पाचशे रुपयांचा आहे की लाखाचा, हे तपासल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

गाडी लिम्प मोडमध्येच गेली आहे हे कसं ओळखू?

इंजिन ओरडतं, पण वेग वाढत नाही. सिग्नलवरून निघताना गाडी जड वाटते, जणू मागे कोणी धरून ठेवलंय. न्यूट्रलमधून डी किंवा आर टाकलं की "धाड" असा झटका बसतो. मीटरवर चेक लाइट, दातेरी चाकाचं किंवा पान्याचं चिन्ह दिसतं, काही गाड्यांत पी-आर-एन-डीचं अक्षर लुकलुकतं. मॅन्युअलला टाकून प्लस-मायनस केलं तरी आकडा हलत नाही. यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर लिम्प मोड समजा.

तिसऱ्याच गिअरला का अडकते?

सगळ्याच गाड्या तिसऱ्याला अडकत नाहीत. मर्सिडीझच्या ७२२.६ या पाच गिअरच्या जुन्या बॉक्समध्ये गाडी दुसऱ्याला थांबते. पण तर्क एकच. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागाच्या) गिअरबॉक्समध्ये ऑइलचा दाब कुठे जाऊ द्यायचा हे सोलेनॉइड ठरवतात. कॉम्प्युटरने त्यांची वीज तोडली की व्हॉल्व्ह बॉडीतल्या, म्हणजे ऑइलच्या वाटा असलेल्या ठोकळ्यातल्या, स्प्रिंग व्हॉल्व्हना एका ठरावीक जागी ढकलतात, आणि त्या जागेला जो गिअर लागतो तोच उरतो. रचना करतानाच हा गिअर असा निवडलेला असतो की त्यावर गाडी जागेवरून निघूही शकेल आणि पन्नास-साठच्या वेगाने चालूही शकेल. दाब कमी-जास्त करणारा सोलेनॉइडही बंद पडल्यामुळे ऑइलचा दाब पूर्ण वाढतो, म्हणून डी टाकताना तो झटका बसतो. क्लच घसरण्यापेक्षा झटका बरा, असा त्यामागचा विचार आहे. रिव्हर्स बहुतेक वेळा शाबूत राहतो.

इंजिन का ओरडतं, तेही आकड्यांत पाहा. आयसिन या कंपनीच्या एका सहा गिअरच्या बॉक्समध्ये तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.५५६ आहे आणि सहाव्याचं ०.६८६. म्हणजे ज्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन १,७०० आरपीएमवर शांत चाललेलं असतं, त्याच वेगाला तिसऱ्यात ते साधारण ३,८५० वर जातं. हायवेवर असं तासभर रेटायचं नसतं.

बिघाड झाला हे कॉम्प्युटरला कळतं कसं?

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या शाफ्टचा वेग एक सेन्सर मोजतो, बाहेर जाणाऱ्याचा दुसरा. तिसरा गिअर लागलेला असताना बाहेरचा शाफ्ट १,००० आरपीएमने फिरत असेल, तर आतला १,५५६ नेच फिरायला हवा. तो १,८०० दाखवायला लागला, की एक तर क्लच घसरतोय किंवा दोघांपैकी एक सेन्सर चुकीचं बोलतोय. हा हिशेब कॉम्प्युटर सतत मांडत असतो. जोडीला ऑइलचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, गिअर लिव्हर कुठे आहे आणि इंजिन किती ताकद देतंय हेही तो बघतो. मात्र क्लच खरोखर घसरतोय की सेन्सरची वायर तुटलीये, हे दर वेळी त्याला वेगळं ओळखता येत नाही. गाडी लंगडते दोन्हींत सारखीच. तो फरक माणसाने शोधायचा असतो.

आत्ता घाटात आहे आणि गाडी लिम्प मोडमध्ये गेली. काय करू?

आधी हॅजर्ड लाइट लावा आणि ॲक्सिलरेटर हलका करा. जोर लावल्याने गिअर सुटत नाही, उलट आत उष्णता वाढते. डावीकडे सुरक्षित जागा मिळेपर्यंत, रस्त्याकडेची रुंद पट्टी, पेट्रोल पंप, चहाची टपरी काहीही, सावकाश जा. वळणावर किंवा वळण संपताक्षणी थांबू नका. मागून उतरणाऱ्या ट्रकला तुम्ही उशिरा दिसता.

थांबल्यावर ब्रेक दाबून हँडब्रेक ओढा आणि मग पी टाका. हा क्रम पाळा, नाहीतर उतारावर गाडीचं सगळं वजन पार्किंगच्या दात्यावर येतं. मीटरचा फोटो काढा. लिव्हर हलवताना झटका येत असेल तर त्याचा व्हिडिओही घ्या, गॅरेजमध्ये याची किंमत कळते. खाली वाकून ऑइल गळतंय का बघा. जळका वास येतोय का बघा.

तापमानाची सूचना नसेल तर इंजिन बंद करा, दहा-पंधरा सेकंदांऐवजी चांगली दोन मिनिटं जाऊ द्या आणि परत चालू करा. मर्सिडीझच्या त्या जुन्या बॉक्ससाठी कंपनीच्या पुस्तकातच लिहिलंय: थांबा, पी टाका, इंजिन बंद करा, किमान दहा सेकंदांनी चालू करा, मग दुसरा गिअर आणि रिव्हर्स मिळतो. दुसऱ्या गाड्यांतही किल्ली बंद-चालू केल्यावर कॉम्प्युटर नव्याने तपासणी करतो, आणि बिघाड तात्पुरता असेल तर गाडी पूर्ववत चालते.

एक्सप्रेसवेवर असाल तर सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा. पावसात, अंधारात, मुलं झोपलेली असताना हे जिवावर येतं, कळतं मला. तरीही उतरवा. त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा आणि तो ठेवायला जाताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतवाहिनी आहे.

बंद करून चालू केल्यावर ठीक झाली. मग गॅरेजला कशाला जायचं?

कारण बिघाड तिथेच आहे, तो फक्त गप्प बसलाय. रोज सकाळी किल्ली फिरवून महिनाभर असं चालवणारे आमच्याकडे येतात. क्लच खरोखर घसरत असेल तर त्या महिन्यात प्लेट झिजतात, त्यांचा भुगा ऑइलमध्ये उतरतो, भुगा व्हॉल्व्ह बॉडीत जातो, आणि एका सोलेनॉइडचं काम पूर्ण ओव्हरहॉलवर येऊन ठेपतं. एकदा झालं तर कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड स्कॅनरने वाचून घ्या. दुसऱ्यांदा झालं तर लांबचा प्रवास रद्द करा.

या अवस्थेत किती किलोमीटर चालवू शकतो?

जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा सुरक्षित जागेपर्यंत. सपाट रस्ता असेल, नुसता गिअर अडकलाय आणि बाकी काही नाही, तर चाळीस-पन्नासच्या वेगाने, थांबे कमी ठेवून जाता येतं. जळका वास, घरघर, गळती, किंवा ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन नुसतं फिरतंय आणि गाडी हलत नाही, यातलं काहीही असेल तर एक किलोमीटरही नको.

चढावर काळजी जास्त. टॉर्क कन्व्हर्टर निघताना इंजिनची ताकद जवळजवळ दुप्पट करून देतो, म्हणूनच गाडी तिसऱ्यावरही जागची हलते. पण तेवढा वेळ आतलं ऑइल घुसळलं जातं आणि तापतं. घाटातल्या कोंडीत दर दोन मिनिटांनी तिसऱ्यावरून उचल घेतलीत तर मूळ बिघाड राहिला बाजूला, ऑइल आधी जळेल.

आणि घाट उतरायचा असेल तर?

मी नको म्हणेन. एकाच गिअरमध्ये अडकलेल्या गाडीला पहिला-दुसरा टाकून इंजिनने रोखून धरता येत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. भरलेली सात आसनी गाडी, कुंभार्लीचा किंवा आंबा घाटाचा उतार आणि तापलेले ब्रेक हे एकत्र येऊ देऊ नका. माथ्यावर थांबा, टोइंग बोलवा.

"ट्रान्समिशन ओव्हरहीट" असं लिहून आलं. हाच लिम्प मोड का?

जवळचा भाऊ म्हणा, पण उपाय उलटा आहे. खंबाटकी चढताना लाँग वीकेंडच्या कोंडीत माझ्या स्वतःच्या गाडीत हे झालंय. ऑइलचं तापमान एरवी साधारण ८० ते १०० अंशांत राहतं. ते फार वाढलं की गाडी ताकद कमी करते आणि सूचना देते. अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन लगेच बंद करू नका. बाजूला घ्या, पी टाका, इंजिन आयडलवर चालू ठेवा. पंप फिरत राहिला तरच गरम ऑइल कूलरमधून जाऊन थंड होतं. मी वीस मिनिटं थांबलो, सूचना गेली, पुढे काही त्रास झाला नाही. मात्र इंजिनचा टेम्परेचर काटाही लाल पट्ट्यात असेल तर इंजिन बंदच करायचं.

चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती आजपासून सोडा. ओव्हरहीटची निम्मी प्रकरणं तिथे सुरू होतात, हे मी अनुभवाने सांगतो.

माझी गाडी एएमटी आहे, डीसीटी आहे, सीव्हीटी आहे. सगळं सारखंच का?

एएमटी हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. २०१४ मध्ये सेलेरिओ आली तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडे घरोघरी पोचला. इथे बिघाड झाला की गाडी आहे त्या गिअरला राहते किंवा न्यूट्रलला जाऊन एन लुकलुकत बसतो, आणि कधी कधी स्टार्टच होत नाही. क्लच झिजल्यावर किंवा बदलल्यावर तो कुठे पकडतो हे स्कॅनरने कॉम्प्युटरला नव्याने शिकवावं लागतं. ती पायरी गाळल्यामुळे नवा क्लच बसवूनही झटके मारणाऱ्या गाड्या मी पाहिल्यात.

डीसीटीची गंमत वेगळी आहे, आणि मालकाला ती माहीत असायलाच हवी. यात दोन क्लच असतात: एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. एका बाजूला बिघाड झाला तर कॉम्प्युटर ती बाजू बंद करून दुसऱ्या बाजूवर गाडी चालवतो. पहिल्यावरून एकदम तिसरा, मग पाचवा, असं वाटलं तर हेच झालंय. बऱ्याच प्रचलित सात गिअरच्या डीसीटींमध्ये रिव्हर्स सम गिअरच्या बाजूला असतो. ती बाजू बंद पडली तर गाडी पुढे चांगली पळते, पण मागे येत नाही. म्हणून डीसीटीत लिम्पची सूचना आली की भिंतीकडे तोंड करून पार्क करू नका. एका सोसायटीच्या तळघरातून अशी गाडी आम्ही चौघांनी ढकलून बाहेर काढली आहे.

सीव्हीटीत गिअर नसतात, पोलादी पट्टा दोन पुलींवर सरकतो. बिघाड झाला की गुणोत्तर गोठतं किंवा आरपीएमवर मर्यादा येते. पट्टा घसरत असताना रेटलंत तर पुलीवर चरे पडतात, आणि मग दुरुस्ती फार महाग. त्यामुळे सीव्हीटीत मी लवकर टोइंग सुचवतो.

पिकअप गेलाय, पण गिअर पडतायत. हे काय?

मग बहुधा इंजिनचा लिम्प मोड आहे. टर्बोचा होज फाटणं, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह) अडकणं, डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरणं ही नेहमीची कारणं. शहरात रोज चार किलोमीटर फिरणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफचा त्रास विशेष. खूण सोपी आहे: गिअर बदलतायत पण जोर नाही, तर इंजिनकडे बघा, जोर आहे पण गिअर बदलत नाहीत, तर गिअरबॉक्सकडे.

लिम्प मोड लागण्याची कारणं कोणती असतात?

मी नेहमी स्वस्तातल्या कारणापासून सुरुवात करतो.

पहिली बॅटरी. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. बॅटरी थकली की स्टार्ट मारताना व्होल्टेज इतका पडतो की टीसीएम गोंधळतो. सकाळी पहिल्याच स्टार्टला लिम्प आणि दुसऱ्यांदा ठीक, असं होत असेल तर आधी बॅटरी आणि तिच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी बघा. अर्थिंगची पट्टी सैल असली तरी हेच होतं.

मग वायरिंग. यावर थोडं थांबतो, कारण लोकांचे सर्वात जास्त पैसे इथे वाया गेलेले मी पाहिलेत. साताऱ्याकडचे एक काका डिझेल एसयूव्ही घेऊन आले. आधीच्या गॅरेजने गिअरबॉक्स बदलायला सांगितला होता आणि काकांनी पैशांची जमवाजमवही सुरू केली होती. मी विचारलं, कधी होतं? ते म्हणाले, गावाकडच्या रस्त्याला वळलो की. हायवेला कधीच नाही. हे एकच वाक्य पुरेसं होतं. गाडी रॅम्पवर घेतली, खालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. कव्हरवर शेंगांची टरफलं आणि सीटच्या कापसाचा मूठभर गोळा. वर गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या वायरिंगच्या नळीवर बारीक दातांच्या खुणा, नळी चिरून पाहिली तर एक वायर अर्धी कुरतडलेली, तांबं काळं पडलेलं, दोन-तीन धाग्यांवर लोंबकळत होती. बाहेरच्या शाफ्टच्या स्पीड सेन्सरची वायर. खड्ड्यात गाडी आदळली की ते धागे क्षणभर सुटायचे, कॉम्प्युटरला वेग शून्य दिसायचा आणि तो गिअर धरून बसायचा. वायर जोडली, नवी नळी चढवली. काकांनी त्याच संध्याकाळी गाडी घरी नेली. पावसाळ्यात उंदीर कोरड्या उबदार जागेत शिरतात, आणि नुकतीच उभी केलेली गाडी त्यांना आयतीच मिळते. बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून बघा.

पाणीही तितकंच. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो आणि लिम्प कधी कधी पंधरा दिवसांनी लागतो, त्यामुळे लोकांना दोन्हींचा संबंध लागत नाही. ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून) पाणी आत गेलं किंवा रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट मिसळलं, तर लाल ऑइल गुलाबी दुधासारखं दिसतं. तसं दिसल्यावर गाडी स्टार्टही करू नका. आणखी एक, उलट दिशेचा प्रकार: मर्सिडीझच्या त्याच ७२२.६ मध्ये कनेक्टरची रबरी रिंग झिजली की गिअरबॉक्सचं ऑइल वायरींच्या आतून झिरपत वर थेट टीसीएमपर्यंत जातं. कनेक्टर आणि दोन रिंगा वेळेवर बदलल्या तर कॉम्प्युटर वाचतो.

ब्रेक लाइटचा स्विच हा छोटासा भाग विसरू नका. तो बिघडला तर पीमधून लिव्हर निघत नाही आणि एएमटी स्टार्ट होत नाही. मागचे ब्रेक लाइट लागतात का, एवढं शेजाऱ्याला बघायला सांगा.

यानंतर ऑइल कमी किंवा जळलेलं, स्पीड सेन्सर, लिव्हरची जागा सांगणारा स्विच, सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी. खरोखर झिजलेले क्लच माझ्या यादीत शेवटी येतात.

मी ऑनलाइन मागवलेला छोटा स्कॅनर लावला, पी०७०० आला. म्हणजे काय?

म्हणजे दाराची घंटा वाजली, दाराशी कोण आहे ते कळायचंय. पी०७०० इतकंच सांगतो की टीसीएमकडे काही नोंद आहे. खरा कोड टीसीएमच्या आत असतो आणि बरेचसे स्वस्त डोंगल फक्त इंजिनचा कॉम्प्युटर वाचतात. गिअरबॉक्सपर्यंत पोचणारा स्कॅनर लावला की पुढचं दिसतं: पी०७१५ आतल्या शाफ्टचा सेन्सर, पी०७२० बाहेरच्या शाफ्टचा, पी०७०५ लिव्हरची जागा, पी०७४१ कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच, पी०७५० पहिला शिफ्ट सोलेनॉइड, पी०७३३ तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०५६२ व्होल्टेज कमी. यू०१०१ आला तर बाकीच्या गाडीचा टीसीएमशी संपर्कच तुटलाय, तिथे फ्यूज आणि वायरिंग आधी.

कोड म्हणजे भाग बदलायची चिठ्ठी नव्हे, हे लक्षात असू द्या. "पी०७२० म्हणजे सेन्सर बदला" असं धरलं असतं तर काकांच्या गाडीत नवा सेन्सर बसला असता आणि खड्डा आल्यावर गाडी परत लंगडली असती.

बॅटरीची तार काढून ठेवली तर कोड जातो म्हणतात. करू का?

नको. कोडसोबत बिघाड झाला त्या क्षणाची नोंद असते, म्हणजे वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान. ती पुसली गेली तर आम्ही अंधारात चाचपडतो. शिवाय काही गाड्यांत शिफ्टची शिकलेली सवयही जाते आणि गाडी काही दिवस झटके मारते.

गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल. विश्वास ठेवू का?

चार गोष्टी मागा. टीसीएममधले कोड लिहून किंवा फोटो काढून. ऑइलचा नमुना पांढऱ्या कागदावर: लालसर स्वच्छ आहे, तपकिरी जळकं आहे, की त्यात चकचकीत कण आहेत. बॅटरी आणि वायरिंग तपासल्याची खात्री. आणि चालत्या गाडीत दोन्ही शाफ्टचे वेग स्कॅनरवर दाखवायला सांगा. ऑइल जळकं, कण भरपूर आणि वेगांचा हिशेब जुळत नाही, असं तिन्ही दिसलं तर उतरवावाच लागेल, मीही तेच सांगेन. यातलं काहीही न बघता पहिल्या पाच मिनिटांत कोणी "गेला" म्हणालं, तर गाडी दुसरीकडे दाखवा. आमच्या धंद्याबद्दल हे लिहिताना वाईट वाटतं, पण पगारदार माणसाची दोन वर्षांची बचत अशा एका शब्दावर गेलेली मी पाहिली आहे.

"लाइफटाइम ऑइल" असताना बदलायचं का?

हो. लाइफटाइम कोणाचं, हा प्रश्न विचारा. झेडएफसारखी स्वतः गिअरबॉक्स बनवणारी कंपनी आपल्या ऑटोमॅटिक बॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं असं सांगते. आपल्याकडचं ऊन आणि ट्रॅफिक पाहता मी आधीच्या आकड्याच्या बाजूने राहतो. ऑइल मात्र पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. सीव्हीटीचं सीव्हीटीला, डीसीटीचं डीसीटीला. पातळी ठरावीक तापमानालाच मोजायची असते. ऑइल बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी लिम्प लागला तर चुकीची ग्रेड किंवा चुकीची पातळी यांवर पहिला संशय घ्या.

टोइंग कशी करायची?

फ्लॅटबेडवर, चारही चाकं वर. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, आणि इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं रस्त्यावर ओढली गेली तर आतले भाग ऑइलशिवाय फिरतात. काही कंपन्या न्यूट्रलमध्ये ताशी ५० किलोमीटरने ५० किलोमीटरपर्यंत मुभा देतात, काही अजिबात देत नाहीत. फोर व्हील ड्राइव्हला फ्लॅटबेडच. दोरी बांधून ओढायला आलेल्या माणसाला नम्रपणे परत पाठवा.

धक्का मारून चालू होईल का?

नाही.

वॉरंटी किंवा विम्यातून खर्च मिळतो का?

वॉरंटीत असाल तर बाहेर काहीही उघडू देऊ नका. शोरूमला गेल्यावर तुमची तक्रार आणि सापडलेला कोड जॉब कार्डवर लिहून घ्या, "तपासले, ठीक आहे" एवढ्यावर परत येऊ नका. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात वॉरंटी संपायच्या आधीची ती नोंदच पुढे कामी येते. घाटातला तो फोटो इथे दाखवायचा.

साध्या झिजेने झालेला बिघाड मोटार विम्यात बसत नाही. पुराच्या पाण्याने झालं असेल तर पॉलिसीतलं इंजिन प्रोटेक्ट कव्हर पाहा, त्यात बहुधा गिअरबॉक्सही येतो. टोइंगसाठी रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असतो आणि लोकांना ते आठवतच नाही.

जुनी ऑटोमॅटिक घेतोय. कोड पुसून तर गाडी विकत नाहीत ना, हे कसं कळेल?

भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ (बिघाड स्वतः तपासून नोंदवणारी यंत्रणा) आहे, आणि त्याचा इथे उपयोग होतो. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली हा आकडा साध्या स्कॅनरवरही दिसतो. शिवाय कोड पुसल्यावर गाडीच्या अंतर्गत चाचण्या अपूर्ण दाखवतात, त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. गाडी सत्तर हजार चाललेली आणि हा आकडा चाळीस किलोमीटर असेल, तर का पुसले ते विचारा. बॅटरी नुकतीच बदलली असेल तर त्याची पावती असेल. मग थंड गाडी स्वतः स्टार्ट करा, अर्धा तास चालवा, थांबून एनमधून डी आणि आर तीन-तीनदा टाकून बघा, आणि घरी यायच्या आधी पुन्हा एकदा स्कॅनर लावा.